बर्फातल्या सहलीचे नियोजन : चौथीच्या वर्गात घेतलेला एक उपक्रम



'सहलीचे नियोजन' हा घटक आपण सगळेच दरवर्षी घेतो. फळ्यावर कोठे, कधी, कसे, किती खर्च असे चार रकाने आखतो. मुले रायगड नाहीतर वेरूळ लिहितात, बसचे भाडे लिहितात आणि घटक संपतो. डी.एड.ला असताना मीही या घटकाचे टाचण असेच काढले होते. गेल्या वर्षी मात्र हा घटक जरा वेगळ्या पद्धतीने घेतला. त्यात मुलांपेक्षा मीच जास्त शिकले, म्हणून हा लेख.

उपक्रम कसा सुरू झाला?

माझा भाऊ नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला राहतो. माझा भाचा नऊ वर्षांचा, म्हणजे आमच्या चौथीच्याच वयाचा. तिकडच्या शाळांना फेब्रुवारीत 'क्रीडा-सुट्टी' असते. या सुट्टीची गोष्ट मोठी मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळसा वाचवण्यासाठी थंडीत शाळा बंद ठेवल्या गेल्या, आणि त्यातून ही सुट्टी तिकडे रुजली. आता या सुट्टीत बरीच कुटुंबे डोंगरात स्की खेळायला जातात. भाचा म्हणाला, "आत्या, आम्ही झरमॅटला जाणार आहोत. बाबा म्हणतात प्लॅनिंग मीच करायचं. मला मदत करशील?"

मी म्हटले, मी कशाला, माझा अख्खा वर्गच करील! शनिवारी सकाळची शाळा असते. आपल्याकडे साडेदहा वाजतात तेव्हा सप्टेंबरमध्ये तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात. वेळेतला फरक साडेतीन तासांचा, आणि हिवाळ्यात तो साडेचार तासांचा होतो. असे का, यावरच एक तासिका गेली! दर शनिवारी दहा मिनिटे व्हिडिओ कॉल करायचा असे ठरले.

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, वस्तीवरची जिल्हा परिषदेची. पहिल्याच शनिवारी मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मॅडम, आपल्याला कुठं जायचंय तिथं? मग कशाला करायचं?" प्रश्न खरा होता. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. "करून तर बघू," एवढेच म्हणाले.

पाठाची उद्दिष्टे

• नकाशावर ठिकाण शोधणे, उंची व अंतर यांची तुलना करणे.
• उंचीनुसार तापमान कसे बदलते याचे सोपे गणित करणे.
• खर्चाचे भाग पाडणे, राखीव रक्कम ठेवणे.
• धोका ओळखून नियम समजून घेणे.
• अडचण आली तर काय करायचे, याचा आधीच विचार करणे.

शेवटचे उद्दिष्ट मी टाचणात लिहिलेच नव्हते. ते एका मुलीने वाढवले. ते पुढे सांगते.

१) ठिकाण : झरमॅट कुठे आहे?

युरोपात आल्प्स नावाची मोठी पर्वतरांग आहे. त्यात स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटलीच्या सीमेला लागून झरमॅट हे गाव आहे. गावाची उंची सुमारे १६०० मीटर. मुलांना १६०० मीटर म्हणजे किती हे कळत नाही, म्हणून कळसूबाई घ्यावी. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे आपले सर्वांत उंच टोक जेवढे, जवळपास तेवढ्या उंचीवर त्यांचे गाव वसलेले! आणि गावावर उभा आहे मॅटरहॉर्न, ४४७८ मीटर. एका मुलाने भागाकार करून सांगितले, "मॅडम, पावणेतीन कळसूबाई एकावर एक!"

झुरिकहून झरमॅटला रेल्वेने जाता येते. आधी फिस्प या गावापर्यंत सुमारे दोन तास, तिथे गाडी बदलायची आणि डोंगरातल्या छोट्या गाडीने आणखी तासाभरापेक्षा थोडे जास्त. ही डोंगरी रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. गंमत म्हणजे सुरुवातीला ती फक्त उन्हाळ्यातच धावायची. बर्फ पडला की गाव बाहेरच्या जगापासून तुटायचे. ज्या बर्फामुळे पूर्वी गाडी बंद पडायची, तोच बर्फ बघायला आता गाड्या भरून लोक येतात.

झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारी चालत नाहीत. कोणी मोटार घेऊन आलेच तर ती पाच किलोमीटर अलीकडे टॅश या गावी लावायची आणि तिथून रेल्वेने यायचे. गावात विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या फिरतात. म्हणजे बॅगा किती घ्यायच्या हे आधी ठरवायला हवे, कारण गाडी बदलताना त्या आपल्यालाच उचलायच्या आहेत.

आपण भारतातून गेलो तर? हा प्रश्न मुलांनी विचारलाच. त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा असतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमाही लागतो. पालकांसाठी एक सूचना : विमा घेताना त्यात बर्फातले खेळ आणि डोंगरातून सुटका करून आणण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून घ्यावे. बऱ्याच साध्या विम्यांत या गोष्टी नसतात.

२) कधी जायचे?

नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतली शाळांची सुट्टी, हे दोन काळ सर्वांत गर्दीचे आणि सर्वांत महाग. जानेवारीत गर्दी कमी असते, पण थंडी कडक आणि दिवस लहान. मार्चमध्ये दिवस मोठा होतो, ऊन छान पडते, पण दुपारी खालचा बर्फ मऊ, ओलसर होतो. शाळकरी मूल घरात असेल तर निवड उरत नाही, सुट्टीतच जावे लागते. म्हणूनच राहण्याची सोय पाच-सहा महिने आधी करावी लागते. आम्ही सप्टेंबरमध्ये नियोजनाला बसलो ते यासाठीच.

३) किती थंड? गणिताची तासिका

उंची वाढली की तापमान उतरते. सर्वसाधारणपणे दर १००० मीटरला साडेसहा अंश. चौथीसाठी आम्ही सहा अंश धरले. झरमॅट गावात उणे २ अंश आहे असे मानले. गोर्नरग्राट नावाचे ठिकाण ३०८९ मीटरवर आहे, म्हणजे गावापेक्षा सुमारे १५०० मीटर वर. तर तिथे तापमान किती? ९ अंश कमी, म्हणजे उणे ११.

चौथीच्या मुलांना ऋण संख्या शिकवलेल्या नसतात. मी शाळेच्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहिले. मधली पायरी शून्य, वर जाताना १, २, ३, खाली उतरताना उणे १, उणे २. पायऱ्या संपल्या तेव्हा मुलांनी अंगणात पुढे रेघा ओढल्या. एक मुलगा उणे २ वर उभा राहिला आणि नऊ पावले 'खाली' गेला. वहीत जे अर्ध्या तासात समजले नसते ते दोन मिनिटांत समजले. हा प्रयोग नक्की करून पाहा.

दोन गोष्टी मोठ्यांसाठी. झरमॅटची सर्वांत उंच केबलची गाडी ३८८३ मीटरपर्यंत नेते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्केच असतो. धाप लागते, डोके दुखू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी लहान मुलांना घेऊन थेट वर जाऊ नये, आधी एक-दोन दिवस गावात अंग रुळू द्यावे. दुसरी गोष्ट उन्हाची. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. थंडी असली तरी चेहरा भाजतो, डोळे चुरचुरतात. त्यामुळे क्रीम आणि गॉगल ही चैन नाही, गरज आहे.

४) काय न्यायचे?

मुलांनी आधी लिहिले : "चार स्वेटर." भाच्याने त्यांना समजावून सांगितले की एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर चांगले. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला ऊब देणारा आणि बाहेरचा वारा-पाणी अडवणारा. सुती बनियन आणि सुती मोजे नकोत, ते घामाने ओले होतात आणि मग गारठा आतूनच सुरू होतो. मोजे दोन-दोन घालायचे नाहीत, स्कीचा एकच लांब जोड. दोन घातले की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो.

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट विकत घ्यायचे की भाड्याने? इथे मुलांनी पट्टीने स्वतःचे पाय मोजले, कारण स्कीच्या बुटाचे माप पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असते. भाच्याचा पाय सप्टेंबरमध्ये साडेएकवीस सेंटिमीटर होता, दिवाळीनंतर मोजला तर बावीस! वाढत्या वयात विकत घेणे परवडत नाही, भाड्याने घ्यावे हे सगळ्यांना आपोआप पटले. बूट ज्या पकडीत अडकतो ती पकड पडल्यावर सुटली पाहिजे, नाहीतर पाय मुरगळतो. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि येणारे कौशल्य यांवरून ठरते. म्हणून दुकानात वजन खरे सांगायचे. "लाजून कमी सांगू नकोस," हे मुलांनी भाच्याला तीन वेळा बजावले.

५) पैशाचे गणित

तिकडचे दर रोज बदलतात. स्कीचा पाससुद्धा तारखेप्रमाणे कमी-जास्त किमतीला मिळतो. म्हणून आम्ही खरे आकडे न घेता एकूण खर्च १०० रुपये मानला आणि त्याचे भाग पाडले. हा वर्गाचा अंदाज आहे, दरपत्रक नाही :

• राहणे : ३५
• शिकवणी आणि साहित्याचे भाडे : २०
• स्कीचा पास : १८
• खाणे : १२
• रेल्वे : ५
• राखीव : १०

यातून बचत कुठे होते हेही शोधले. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर खाण्याचा खर्च उतरतो. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून सगळ्या डोंगराचा पास लागत नाही. झरमॅट आणि इटलीच्या बाजूचे चेर्विनिया मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या वर वाटा आहेत, पण जो अजून उभाच राहायला शिकतोय त्याला पन्नास मीटरचा उतार पुरतो! शिकवणीत मात्र बचत करू नये. "घरातल्या मोठ्यांनी शिकवले" यात मोठ्यांचा आणि मुलांचा, दोघांचाही दिवस रडण्यात जातो.

६) डोंगराचे नियम

तिकडे स्कीसाठी बर्फ दाबून वाटा तयार करतात. त्यांना पिस्ट म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवी असते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने वागण्याचे १० नियम ठरवून दिले आहेत. आम्ही त्यातले चार निवडून तक्त्यावर लावले :

• वेग आपल्या ताब्यात राहील एवढाच ठेवा.
• मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून वाट निवडायची.
• अरुंद जागी किंवा वळणामागे, जिथे दिसत नाही तिथे, थांबू नका. पडलात तर लवकर बाजूला व्हा.
• अपघात दिसला तर मदत करा.

दुसरा नियम वाचून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर आपल्या रस्त्यालापण पाहिजे." पाहिजेच!

हिमकड्यांच्या धोक्यासाठी युरोपात १ ते ५ अशी मोजणी आहे. हिवाळ्यात दाव्होसची हिम-संशोधन संस्था रोज त्याचा अहवाल देते. इथे एक गल्लत होते. पाचातले तीन म्हणजे 'मध्यम' असे आपल्याला वाटते. पण तीनचा अर्थ 'लक्षणीय धोका' असा आहे, आणि पुष्कळ प्राणघातक अपघात याच पातळीला होतात, कारण माणसे निर्धास्त राहतात. नवशिक्यांनी खांब रोवून आखलेली, उघडी असलेली वाट कधीही सोडू नये. मदतीसाठी ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपात चालतो, स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४.

इथेच मॅटरहॉर्नची गोष्ट सांगितली. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे साथीदार असे सात जण या शिखरावर पहिल्यांदा पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि सातातले चार जण गेले. वर्ग एकदम शांत झाला. मग मीच म्हटले, वर पोचणे म्हणजे अर्धेच काम, घरी येणे धरून नियोजन करायचे. त्यावरून मुलांनी नियम केला : दमल्यावर "शेवटची एक फेरी" मारायची नाही.

७) मोकळा दिवस

आता आठवड्याचा आराखडा करायचा होता. शनिवारी जायचे, पुढच्या शनिवारी परतायचे, मधे सहा दिवस. मी फळ्यावर सहाही दिवस भरून टाकले. चार दिवस शिकवणी, एक दिवस गोर्नरग्राटची दाते असलेल्या रुळावरून चढणारी रेल्वे (ही १८९८ पासून विजेवर धावते आहे!), एक दिवस बर्फातले इतर खेळ. मला वाटले, झकास झाले.

एक मुलगी उठली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. ती एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, येक दिवस मोकळा ठेवावा लागतोय. आमच्यात पाऊस आला की तोड बंद ऱ्हाती. तेवढ्या दिवसाचं धान्य आई आधीच येगळं बांधती."

मी म्हटले, "बरं, बुधवार मोकळा ठेवू."

तर ती म्हणाली, "बुधवार कसा ठेवायचा? पाऊस काय वार बघून येतोय व्हय?"

मी खडू खाली ठेवला. आम्ही फळा पुसला आणि सहा चिठ्ठ्या केल्या. चार शिकवणीच्या, एक रेल्वेची, एक कोरी. कोरी चिठ्ठी कुठल्याही दिवशी सरकवता येईल असे ठरले. शिकवणीच्या चिठ्ठ्या सरकवता येतील का, हवेमुळे तास बुडाला तर पैसे परत मिळतात का, हे दादाला आधीच विचारून घ्यायला सांगितले. मग मी त्यांना जानेवारी २०१८ ची घटना सांगितली. त्या वेळी इतका बर्फ पडला की झरमॅटला जाणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले आणि सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकून पडले. काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ज्यांनी परतीच्या प्रवासाला लागून दुसऱ्या दिवशीची कामे ठेवली असतील त्यांची काय धावपळ झाली असेल!

सामानाची यादीही त्या मुलीने नव्याने लावली. मी कपड्यांपासून सुरुवात केली होती. तिने क्रम बदलला : आधी औषधे, मग कागदपत्रे, मग पांघरायचे, मग खायचे, शेवटी बाकीचे. "जे ईळेवर मिळणार न्हाई ते आधी," असे तिचे म्हणणे. तिला हे कुणी शिकवले नव्हते. दरवर्षी सहा महिन्यांचे घर दोन पोत्यांत बांधताना तिने ते पाहिले होते.

आमच्या वर्गात अशी पाच मुले आहेत. 'सहलीला कधी न गेलेली मुले' म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. प्रवासाची तयारी करण्यात मात्र ती माझ्या कितीतरी पुढे होती. हे मला चौथ्या शनिवारी कळले, याची मला लाज वाटली.

८) तोच तक्ता, दुसरे घर

दसरा झाला आणि टोळ्या निघायची बोलणी सुरू झाली. तिच्या घरीही उचल घेतलेली होती. ती गेली असती तर चौथीचे अर्धे वर्ष बुडाले असते. मी घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, आमी काय हौसंनं नेतो का? पोरगी कुणाच्या जिवावर ठेवू?"

माझ्याजवळ दरवर्षीचीच वाक्ये होती. शिक्षणाचे महत्त्व वगैरे. ती बोलण्याआधीच मुलीने वही आणली. झरमॅटसाठी आखलेलेच रकाने, पण त्यात सगळे तिचे होते. झोपायला : आजीकडे. जेवायला : शाळेतल्या हंगामी वसतिगृहात. सकाळी शाळेत : शेजारच्या दोघींबरोबर. ताप आला तर : चुलती, आणि तिचा फोन नंबर. आजीच आजारी पडली तर : पुन्हा चुलती, नाहीतर मॅडम. फोन : रविवारी संध्याकाळी. 'राखीव' या रकान्यात तिने पाचशे रुपये लिहिले होते आणि पुढे कंसात 'चुलतीजवळ'.

वडिलांनी वही बराच वेळ बघितली. मग आईला म्हणाले, "हिनं आजीच्या गोळ्याबी लिवल्यात." तेवढेच बोलले. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी राहणार.

सगळे जमले असे मात्र नाही. तिचा लहान भाऊ आईवडिलांबरोबर गेला. वर्गातली आणखी दोन मुलेही गेली. त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड दिले, पण त्या तीन रिकाम्या जागा हिवाळाभर डोळ्यांपुढे होत्या. एका तक्त्याने स्थलांतर थांबत नाही, हे मला माहीत आहे. मात्र ज्या घरात प्रश्न 'पाठवायचे की नाही' हा नसून 'कसे ठेवायचे' हा असतो, तिथे आपले भाषण उपयोगाचे नसते, रकाने उपयोगाचे असतात.

९) फेब्रुवारीत काय झाले?

भाच्याची सहल झाली. पहिले दोन दिवस तो सुनेगा इथल्या मुलांच्या उतारावर नुसता पडत होता. हे ठिकाण २२८८ मीटरवर आहे आणि डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून दोरावर चालणारी गाडी तिथे नेते. तिसऱ्या दिवशी त्याला थांबता यायला लागले. स्कीमध्ये आधी थांबायला शिकवतात, मग पळायला. गुरुवारी जोराचा वारा सुटला आणि वरच्या गाड्या बंद झाल्या. त्या दिवशी त्यांची रेल्वेची चिठ्ठी होती. भाच्याने कोरी चिठ्ठी गुरुवारी सरकवली आणि रेल्वे शुक्रवारी नेली. शनिवारी कॉलवर त्याने आधी तिलाच विचारले, "तुला कसं माहीत होतं?" ती नुसती हसली.

शुक्रवारी स्वच्छ हवेत गोर्नरग्राटवरून त्याने हिमनदीचे फोटो काढून पाठवले. त्यावरून शेवटची तासिका झाली. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा सुमारे दहावा भाग वितळून गेला. झरमॅटच्या वर हिमनदीवर उन्हाळ्यातही स्की खेळता येते, पण २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे ते काही काळ थांबवावे लागले. दहा वाट्या भरून ठेवून त्यातली एक मुलांसमोर ओतून टाकली. "मग ह्या गावानं आता काय करायचं?" असे मुलांनीच विचारले. त्याचे उत्तर मोठी माणसेही शोधत आहेत, असे मी त्यांना सांगितले.

वर्गात घेताना एवढे लक्षात ठेवा

• ठिकाण दूरचे निवडले तरी चालेल, पण तिथे खरोखर जाणारे कोणीतरी जोडून घ्या. नातेवाईक, माजी विद्यार्थी, गावातला जवान, ट्रकचालक, कोणीही. खऱ्या माणसासाठी केलेले नियोजन मुले मन लावून करतात.
• खर्चाचे १०० भाग पाडा आणि 'राखीव' हा भाग सक्तीचा ठेवा.
• दिवसांचा आराखडा फळ्यावर लिहू नका, चिठ्ठ्यांवर लिहा. एक चिठ्ठी कोरी ठेवा.
• प्रत्येक रकान्यापुढे 'नाहीतर काय?' हा प्रश्न विचारा.
• वर्गात स्थलांतर करणाऱ्या घरांतली मुले असतील तर सामानाच्या यादीची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. आपण फक्त ऐकायचे.

मुलांना देण्यासाठी प्रश्न

१. गावात उणे ४ अंश असेल तर १५०० मीटर वर किती असेल?
२. राखीव रक्कम न ठेवता सहलीला गेलात आणि एक दिवस जास्त राहावे लागले, तर कोणकोणत्या अडचणी येतील?
३. तुमच्या घरी शेवटचा प्रवास झाला तेव्हा सामान कोणी बांधले? सर्वांत आधी काय ठेवले? का? घरी विचारून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे जरूर वाचा. माझ्या वर्गात बहुतेक सगळ्यांनी 'आई' लिहिले आहे, आणि सर्वांत आधी ठेवलेल्या वस्तू मात्र प्रत्येक घरी वेगळ्या आहेत.

पहिल्या शनिवारी "मग कशाला करायचं?" असे विचारणारा मुलगा एप्रिलमध्ये माझ्याकडे आला. त्याच्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरले होते. म्हणाला, "मॅडम, त्या चिठ्ठ्यांचा कागद हाय का? घरी आराखडा करायचाय." मी त्याला सात चिठ्ठ्या कापून दिल्या. त्याने मोजल्या आणि म्हणाला, "अजून एक द्या. कोरी."